पुण्यातल्या वेताळ टेकडीवर झाडांच्या कामाला नवीन येणाऱ्यांसाठी

पहिल्याच रविवारी झाड लावायची घाई करू नकोस. लावणं सोपंय रे, खरं काम म्हणजे पुढची दोन-तीन वर्षं मार्च ते मे पाण्याचे कॅन टेकडीवर नेऊन पाणी घालणं, रोपांभोवती आळी करणं, पाचोळा टाकणं, आणि नेमकी तेव्हाच माणसं कमी पडतात. घरून रोपं आणू नकोस प्लीज, वनखात्याला आधी विचारायचं, लावायचंच तर पळस, सालई, मेडशिंग असं इथलं, गिरिपुष्प मुळीच नको, ते मध्य अमेरिकेतलं, आधीच टेकडीभर पसरलंय. आणि नुसतं गवत दिसलं म्हणून ती जागा रिकामी समजू नकोस, चंडोल, तित्तर तिथंच जमिनीवर अंडी घालतात. तेच गवत वाळलं की वणवा लागतो, म्हणून जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला मोकळा पट्टा, काढायला नक्की ये, मला तर तेच काम सगळ्यात मोलाचं वाटतं.