वाचकांचे प्रश्न: तेहतिसावे वर्ष, जुनी गुणपत्रिका आणि एमबीबीएस

प्रश्न: माझे वय ३३ असून सोलापुरातील एका खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी अकरा वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम करीत आहे. २०१० साली राज्य मंडळाची बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालो. त्या वर्षी वडिलांच्या आजारपणामुळे अभ्यास झाला नाही आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून ३०० पैकी १४१ गुण पडले. पुढे डीएमएलटी ही प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका केली. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, मुलगी पाच वर्षांची आहे. एमबीबीएसची इच्छा अजून मनातून जात नाही. असे वय आणि अशी गुणपत्रिका असताना अर्जाचा विचार तरी करावा का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: वयाची काळजी आपण सोडून द्यावी. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गाला २५ आणि राखीव प्रवर्गांना ३० वर्षांची कमाल मर्यादा काही काळ होती, तिच्याविरुद्ध न्यायालयांत दावे चालले आणि अंतरिम आदेशांच्या आधारे त्या वयापुढचे उमेदवार परीक्षाही देत होते. परंतु मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही कमाल मर्यादाच काढून टाकली. त्याआधी, २०२० च्या नीटमधून ओडिशातील एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने वयाच्या ६४ व्या वर्षी बुर्ला येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळविल्याची बातमी आपण वाचली असेल. तिचा दाखला मी फक्त नियमापुरता देत आहे. निवृत्तिवेतन मिळणाऱ्या माणसाची आणि पाच वर्षांच्या मुलीच्या वडिलांची गणिते वेगळी असतात.

आपली खरी अडचण नऊ गुणांची आहे. आपल्याकडे एमबीबीएसची गुणवत्ता यादी केवळ नीटच्या गुणांवर लागते आणि बारावीचे गुण तीत मिळविले जात नाहीत. बारावीला ५१ टक्के असलेला आणि ९५ टक्के असलेला, दोघे नीटमध्ये सारखेच गुण मिळवून आले तर जुन्या टक्क्यांमुळे कोणी पुढे जात नाही. मात्र त्या यादीपर्यंत पोहोचण्यासाठी एक उंबरठा आहे: इंग्रजीत उत्तीर्ण असणे आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गात ५० टक्के, अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गात ४० टक्के गुण असणे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राने ही अट शिथिल होत नाही. आपला प्रवर्ग आपण कळविलेला नाही. तो राखीव असेल तर १४१ गुण पुरेसे आहेत आणि आपण जात वैधता प्रमाणपत्राच्या, तसेच इतर मागासवर्गात असल्यास नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राच्याही मागे आजच लागावे, कारण ऐन प्रवेशाच्या वेळी या कागदांसाठी समाज कल्याण आणि तहसील कार्यालयात खेटे घालणाऱ्या पालकांची पत्रे दर वर्षी आमच्याकडे येतात. प्रवर्ग खुला असेल तर मात्र १५० च्या खाली पात्रता नाही, आणि नीटमध्ये कितीही गुण मिळाले तरी प्रवेशाच्या वेळी ती गुणपत्रिका आडवी येईल. अनेक शिकवणी वर्ग ही गोष्ट विद्यार्थ्याला शुल्क भरून झाल्यावर सांगतात.

हे नऊ गुण कसे भरून काढावेत? राज्य मंडळाची श्रेणीसुधार योजना उत्तीर्ण झाल्यानंतरच्या मोजक्या परीक्षांपुरती असते, त्यामुळे २०१० च्या विद्यार्थ्याला ती उपयोगाची नाही. आपल्यासाठी मार्ग आहे तो राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या, उच्च माध्यमिक परीक्षेचा. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना नीटपासून दूर ठेवणारी जुनी तरतूद आता उरलेली नाही आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांची पात्रता मान्य केली आहे. माझा सल्ला असा की केवळ एखादा विषय सुधारून दोन गुणपत्रिकांची जोडणी करण्यापेक्षा इंग्रजीसह सर्व विषय, प्रात्यक्षिकांसह, नव्याने द्यावेत आणि एकच स्वच्छ गुणपत्रिका हाती घ्यावी. परीक्षा केंद्र महाराष्ट्रातीलच निवडावे, कारण शासकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्य कोट्याच्या असून त्यांसाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असणे पाहिले जाते. अर्ज भरण्यापूर्वी राज्य सीईटी कक्षाची चालू वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, शंका लेखी विचारावी आणि लेखी उत्तर जपून ठेवावे.

आता परीक्षेविषयी. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख उमेदवार नीटला बसले आणि देशात एमबीबीएसच्या जागा सुमारे सव्वा लाख आहेत. त्या वर्षी खुल्या प्रवर्गाची पात्रता ७२० पैकी १४४ गुणांवर होती, पण ‘पात्र’ हा शब्द फसवा आहे. १४४ गुणांवर शासकीय महाविद्यालयाचे दार उघडत नाही. १८० प्रश्नांपैकी निम्मे जीवशास्त्राचे असतात आणि तेथे आपला रोजचा सराव थोडाफार कामी येईल, तरी रक्तगट व विकरे यांपलीकडे वनस्पतींचे वर्गीकरण आणि आनुवंशिकीही आहे आणि प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकातील ओळीओळीवर बेतलेले असतात. वयाने मोठे विद्यार्थी अडतात ते भौतिकशास्त्रात, कारण गणिताचा हात सुटलेला असतो. म्हणून नोकरी सोडण्यापूर्वी सहा महिने पहाटे दोन तास केवळ भौतिकशास्त्र करावे आणि वेळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. या विषयात १८० पैकी ९० गुणांच्या आसपास आपण स्थिरपणे पोहोचत असाल तर पुढचे वर्ष या परीक्षेला द्यावे, असे मला वाटते. ४० ते ५० मध्येच अडकून राहिलात तर राजीनामा लिहू नये. प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते. मात्र पुढील सारे शिक्षण इंग्रजी ग्रंथांतून होणार असल्याने संज्ञा इंग्रजीतच पाठ असलेल्या बऱ्या.

प्रवेश मिळाल्यानंतरचा हिशेब पत्नीसमवेत बसून करावा. साडेचार वर्षे अभ्यासक्रम, एक वर्ष आंतरवासिता (इंटर्नशिप) आणि शासकीय महाविद्यालय असेल तर त्यानंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा. पस्तिसाव्या वर्षी प्रवेश घेतला तर हे सारे संपेपर्यंत एक्केचाळिशी उलटते, आणि पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे त्यापुढे. व्याख्यानांना ७५ आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती आवश्यक असल्याने सध्याची नोकरी, रात्रपाळीचीसुद्धा, त्यासोबत चालत नाही. पहिल्या वर्षाच्या परीक्षेसाठी चारच संधी आहेत आणि आंतरवासिता वगळता अभ्यासक्रम नऊ वर्षांत पुरा करावा लागतो. घर एका पगारावर चालेल का, घराचे कर्ज आहे का, आई-वडिलांचा औषधपाण्याचा खर्च कोणाकडे आहे, याची उत्तरे गुणांइतकीच निर्णायक आहेत.

परदेशात ‘थेट प्रवेश’ देणाऱ्या दलालांचे दूरध्वनी आपल्यालाही येतील. परदेशात शिकून भारतात व्यवसाय करायचा असेल तर नीटची पात्रता तेथेही लागते, ५४ महिन्यांचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून आणि १२ महिन्यांची आंतरवासिता त्याच संस्थेत व्हावी लागते आणि परत आल्यावर परवाना परीक्षाही चुकत नाही. तेव्हा नऊ गुणांचा प्रश्न विमानाने सुटत नाही.

प्रश्न: मी लहानपणी आई-वडिलांसोबत ह्यूस्टनला आले. २००८ ते २०१२ या काळात येथील विद्यापीठातून पदवी घेतली, पण जीपीए, म्हणजे सर्व ग्रेडची सरासरी, ४ पैकी केवळ २.७ राहिला. आता ३६ व्या वर्षी मेडिकल स्कूलसाठी अर्ज करायचा आहे. जुने ग्रेड पुसता येतात का?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर: अमेरिकेत परिस्थिती नेमकी उलट आहे. तेथे ठरावीक टक्क्यांचा उंबरठा नाही, पण जुने काहीही विसरले जात नाही. बहुतेक महाविद्यालयांच्या सामाईक अर्जात पदवीच्या काळातील प्रत्येक विषय, पुन्हा दिलेला असला तरी, दोन्ही वेळच्या ग्रेडसह मोजला जातो. ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांच्या, म्हणजे एमडीऐवजी डीओ ही पदवी देणाऱ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या, अर्जात नवी ग्रेड जुनीची जागा घेत असे. ती सवलत २०१७ मध्ये बंद झाली. आकडेमोड करून पाहा: १२० क्रेडिटवर (क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रम मोजण्याचे एकक) २.७ असताना आपण आणखी ३६ क्रेडिट सर्वच्या सर्व ४.० ने पूर्ण केलीत तरी एकूण आकडा ३.० वर जातो. एकूण सरासरी फारशी हलत नाही, म्हणून प्रवेश समितीला दाखवायचा तो अलीकडचा चढता आलेख: दोन वर्षे जीवशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, भौतिकशास्त्र यांत सातत्याने ‘ए’ आणि त्याला साजेसा एमकॅट, म्हणजे तेथील वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल. या परीक्षेचे गुण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात असतात आणि प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११ च्या आसपास असते.

आपण टेक्सासच्या रहिवासी आहात, म्हणून एक मार्ग आणखी आहे. त्या राज्याच्या कायद्यानुसार दहा वर्षांहून जुने अभ्यासक्रम विचारात न घेण्याची मागणी तेथील सार्वजनिक विद्यापीठांकडे करता येते आणि राज्याची वैद्यकीय अर्ज व्यवस्था ती मानते. त्याची किंमत मोठी आहे. वाईट ग्रेडसोबत चांगल्या ग्रेडही बाद होतात, जुनी क्रेडिट हातची जातात आणि आवश्यक तेवढी पुन्हा मिळवावी लागतात. शिवाय टेक्सासबाहेरच्या महाविद्यालयांना जुनी गुणपत्रिका जशीच्या तशी दिसत राहते. २.७ असताना मी आधी एक सत्र सेंद्रिय रसायनशास्त्र घेऊन पाहण्यास सांगेन. त्याचा निकाल हाती आल्यावर विद्यापीठाच्या पूर्व-वैद्यकीय सल्लागाराची भेट घ्यावी आणि दोन्ही मार्गांना लागणारी क्रेडिट, वर्षे व शुल्क कागदावर मांडून घ्यावे. अर्जप्रक्रिया मे महिन्यात सुरू होते आणि उशिरा येणाऱ्यांना मुलाखतीच्या जागा कमी उरतात, म्हणून एमकॅट त्याच वर्षीच्या एप्रिलपर्यंत दिलेली असावी.