तिखट खाल्ल्यानं चरबी जळते का?
जळते भावा, पण तांबडा रस्सा वरपून पोट आत जाईल एवढी नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन टीआरपीव्ही-१ नावाच्या रिसेप्टरला (मज्जातंतूवरचा संवेदना टिपणारा रेणू) चिकटतं, हा मुळात गरम चटका ओळखणारा रिसेप्टर (शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियसना २०२१ चं नोबेल ह्याच कामाबद्दल), त्यामुळं शरीराला वाटतं भाजलं, मग अ‍ॅड्रेनलिन सुटतं, घाम फुटतो आणि ब्राऊन फॅट म्हणजे उष्णता तयार करणारी चरबी जरा जास्त कामाला लागते. आता हिशोब बघा, अभ्यासांत हा जादा खर्च दिवसाला साधारण ५० कॅलरीच्या आसपास निघतो, तेपण बऱ्याचदा कॅप्सूल देऊन, आणि रोज तिखट खाणाऱ्याला सवय झाली की अजून कमी होऊ शकतो. आपण तर लहानपणापासून कांदा-लसूण चटणीवर वाढलोय! उलट मिसळीच्या कटावरची तर्री, त्यातलं एक मोठा चमचा तेलच १२० कॅलरी, वर पाव वेगळे. आणि लाल दिसतंय म्हणून खूश होऊ नका, ब्याडगी मिरचीनं रंगच जास्त येतो, तिखटपणा कमी. अ‍ॅसिडिटी असेल तर वजनासाठी मिरची वाढवायच्या फंदात पडू नका, त्यापेक्षा सकाळी रंकाळा तलावाला एक फेरी मारा.