विम्बल्डनचे चॅम्पियन: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न : २०१९ ची फायनल फेडरर हरला, पण पॉइंट्स त्याचेच जास्त होते म्हणे. असं कसं?

अगदी खरंय. फेडररचे २१८, जोकोविचचे २०४. गेम्सही ३६ विरुद्ध ३२. पण टेनिसमध्ये क्रिकेटसारखी धावांची बेरीज नसते ना, सेट ६-१ ने घ्या नाहीतर ७-६ ने, मोजताना एकच. फेडररने दुसरा सेट ६-१ ने उडवला, चौथाही घेतला, पण टायब्रेक (सेट बरोबरीत अडकला की तो निकाली काढणारा जादा गेम) तीन झाले आणि तिन्ही जोकोविचने खिशात घातले. शेवटचा तर पाचव्या सेटमध्ये १२-१२ झाल्यावरचा, तो नियमच त्या वर्षी नवीन आला होता.

खरं तर तिथपर्यंत जायलाच नको होतं. पाचवा सेट, ८-७, सर्व्हिस फेडररची, ४०-१५, म्हणजे हातात दोन मॅच पॉइंट्स, त्यातला एक जरी घेतला तरी मॅच खिशात! पहिल्याला फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्याला हा नेटकडे धावला आणि जोकोविचने क्रॉसकोर्ट फोरहँड असा काढला की चेंडू बाजूने निघून गेला आणि हा बघत राहिला. आमच्याकडे ४०-१५ ला फ्रिजमधलं श्रीखंड बाहेर आलं होतं, रात्री साडेअकरानंतर ते गपचूप परत आत गेलं. असो.

प्रश्न : विल्यम रेनशॉची पण ७ टायटल्स आहेत, मग तो सॅम्प्रास आणि जोकोविचच्या बरोबरीचा धरायचा का?

कागदावर हो, पण माझं मन काही मानत नाही. त्याची टायटल्स १८८१ ते १८८६ सलग आणि मग १८८९. तेव्हा चॅलेंज राउंड असायचा, म्हणजे गेल्या वर्षीचा चॅम्पियन घरी आरामात बसणार, बाकीचे आपापसात लढून दमणार आणि त्यातला जिंकलेला याच्याशी एक मॅच खेळणार. आता बोला! १९२२ मध्ये ही पद्धत बंद झाली. त्यातही गंमत म्हणजे १८८२, १८८३ आणि १८८९ ला समोर त्याचाच जुळा भाऊ अर्नेस्ट होता आणि तिन्ही वेळा हाच जिंकला. घरात जेवायला बसल्यावर काय वातावरण असेल देव जाणे. सात-सात मॅचेस खेळून जिंकणाऱ्यांशी याची तुलना मी तरी करणार नाही.

प्रश्न : कपावर अननस का आहे? आणि तो घरी नेता येतो का?

पूर्वी इंग्लंडात अननस प्रचंड महाग, श्रीमंतीचं लक्षण, म्हणून तो आला असं सांगतात. मूळ कप १८८७ चा, तो क्लबातच राहतो, चॅम्पियनला छोटी प्रतिकृती मिळते.

प्रश्न : आपलं कोणी जिंकलंय का?

मोठ्यांच्या सिंगल्समध्ये नाही. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ ला सेमीफायनलपर्यंत गेले, त्याआधी १९५४ ला ज्युनियर जिंकले होते. डबल्समध्ये मात्र १९९९ ला पेस-भूपती, आणि २०१५ ला स्वित्झर्लंडच्या मार्टिना हिंगिससोबत सानिया मिर्झा, जी जन्माने मुंबईची बरं का! त्याच वर्षी त्याच हिंगिसबरोबर पेसने मिक्स्ड डबल्सही मारलं, म्हणजे हिंगिसबाईंनी एका विम्बल्डनमध्ये आपल्या दोघांना कप मिळवून दिले.