उजेड आणि दोन चाकं : वाचकांचे प्रश्न

मी दिवे घडवते. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये घरांचे, शाळांचे, दुकानांचे दिवे कागदावरच्या रेघेपासून साच्यापर्यंत तयार होतात आणि घरून शेडवर मी सायकलनेच जाते. या वेळच्या पत्रांतही दिवे आणि सायकली असं दोन्ही आलं आहे. त्यातली काही पत्रं इथे घेते.

ताई, आमच्या हॉलच्या छतात झाकणबंद एलईडी दिवे आहेत. दरवर्षी मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, म्हणजे नवतपा, संपेपर्यंत त्यातले दोन-तीन तरी जातात. खोक्यावर पंचवीस हजार तास लिहिलेलं असतं. माल खोटा, की आमची वायरिंग?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

वायरिंग तपासून घ्याच, पण माझा पहिला संशय तुमच्या छतावर आहे. जुन्या पिवळ्या बल्बातली तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापायची आणि ती उष्णता किरणांच्या रूपात समोर फेकायची. एलईडीचं तसं नाही. तिला दिलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त वीज उष्णताच होते, पण ती उष्णता उजेडाबरोबर बाहेर पडत नाही. उजेड पाडणाऱ्या चिपच्या पाठीतून, धातूच्या अंगातून, मग हवेत अशी तिला वाट काढून द्यावी लागते. दिव्याच्या रचनेतलं माझं अर्धं काम या वाटेचंच असतं.

खोक्यावरचे तास साधारण २५ अंशांच्या खोलीतले असतात. आपल्याकडे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ पर्यंत गेला होता. त्यातून तुमचा दिवा स्लॅब आणि फॉल्स सीलिंग यांच्या मधल्या कोंदट जागेत. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी, म्हणजे नेमकं तुम्ही बटण दाबता तेव्हा, ते खाली सोडतो. खाली कूलर चालू असला तरी त्याची हवा तिथवर पोचत नाही.

मरते ती बहुधा चिप नव्हे. दुरुस्तीला आलेले दिवे मी उघडते तेव्हा चिप बऱ्याचदा शाबूत असते आणि ड्रायव्हर, म्हणजे वीज बदलून देणारा छोटा सर्किटचा भाग, गेलेला असतो. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू आटतो. दर दहा अंश तापमान वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. दिवा जाण्याआधी काही दिवस लुकलुकत असेल तर कॅपॅसिटर आटत आला असं समजा.

बारा वॉटचा एक बंद दिवा काढून सहा-सहाचे दोन उघडे लावा. शक्य असेल तर छत सोडून भिंतीवर या, त्यातही पश्चिमेची भिंत टाळा. घेताना दिवा हातात तोलून बघा, पाठीला ॲल्युमिनियम भरपूर हवं. आणि ड्रायव्हर वेगळा बदलता येतो का, हे दुकानात आवर्जून विचारा. येत नसेल तर पन्नास-शंभर रुपयांच्या भागासाठी अख्खा दिवा कचऱ्यात जातो आणि याचा मला मनापासून राग आहे. दिवा घडवणाऱ्याने तो उघडता येईल असाच घडवावा.

मुलगी अकरावीला आहे. बर्डीवरची ट्यूशन आटोपून रात्री नऊला सायकलने घरी येते. दुकानदार हजार ल्युमेनचा चार्जिंगचा लाइट घ्या म्हणतो. घेऊ का? की सायकलच बंद करू?
– एक वडील, मानेवाडा

सायकल बंद करू नका, ही कळकळीची विनंती. ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड निघतो त्याचं माप. असे हजार ल्युमेन मात्र नकोत.

सायकलच्या दिव्याची दोन वेगळी कामं आहेत. एक रस्ता दाखवायचं, दुसरं आपण इतरांना दिसायचं. मेडिकल चौक, तुकडोजी पुतळा, मानेवाडा चौक या तिच्या वाटेवर रस्त्याचे दिवे आहेत, म्हणून तिला दुसरं काम जास्त लागेल. दुकानदार दाखवतो तो बहुतेक टॉर्च असतो. त्याचा झोत गोल, म्हणजे निम्मा रस्त्यावर आणि निम्मा समोरच्याच्या डोळ्यांत किंवा आभाळात. ज्याचे डोळे दिपले त्याला फक्त दिवा दिसतो. दिव्यामागची मुलगी दिसत नाही, शेजारचा खड्डाही दिसत नाही. मोटारीच्या डिपरला वरून सरळ काप असतो, रेघेच्या वर उजेड जाऊच द्यायचा नाही. जर्मनीत सायकलच्या पुढच्या दिव्यालाही असाच काप लागतो, आणि चालत्या सायकलवर लुकलुकणारा दिवा तिथे चालत नाही. दिवा घडवताना आरशाचा वरचा भाग असा वळवायचा की वर जाऊ पाहणारा प्रत्येक किरण खाली, लांबच्या रस्त्यावर पडावा. याच कामात माझा जीव सर्वांत जास्त रमतो. किती उजेड पाडायचा हे चिप ठरवते, तो कुठे पडू द्यायचा नाही हे आपण ठरवायचं.

दिवा घेताना तो दुकानातच भिंतीवर मारून बघा. वरची कड सरळ आणि स्पष्ट दिसली तर घ्या. घरी लावताना एक जुना हिशेब वापरा: सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा. दिवा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या निम्म्या उंचीवर झोताचा मध्य भिंतीवर पडला पाहिजे. म्हणजे रस्त्यावर तो दहा मीटर पुढे पडेल. कापाचा दिवा मिळाला नाही आणि टॉर्चच घ्यावा लागला, तर तो सर्वांत मंद टप्प्यावर ठेवा आणि नाक खाली करा.

आता मागची बाजू. पुढच्या दिव्यावर हजारो खर्चणारे लोक मागे काहीच लावत नाहीत, आणि मुलीला धोका आहे तो मागून येणाऱ्या गाडीचा. मागचा लाल दिवा स्थिर ठेवा. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो हे खरं, पण तो किती लांब आहे याचा अंदाज मागच्या चालकाला नीट येत नाही. तो सीटखाली नको, तिथे ओढणी आणि दप्तर येतं. कॅरियरच्या मागच्या टोकाला लावा.

आणि मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर ओल्या फडक्याने पुसा, आजच. तो साधा प्लास्टिकचा तुकडा नाही. त्याच्या पाठीवर एकमेकांशी काटकोनात असलेल्या तीन-तीन पृष्ठभागांचे बारीक कोपरे असतात. त्यात शिरलेला उजेड तीनदा उलटून जिथून आला तिथेच परत जातो, म्हणजे गाडीच्या हेडलाइटचा उजेड त्या चालकाच्याच डोळ्यांकडे. त्याला ना सेल लागतो ना चार्जिंग, पण त्यावर चिखल बसला की तो मुका होतो.

पेडलचे पिवळे रिफ्लेक्टर गळून पडले असतील तर नवे लावा, नाहीतर तिच्या दोन्ही घोट्यांना चमकणारी पट्टी बांधा. बीआरएम या ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांमध्ये रात्रीचा टप्पा असेल तर पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जॅकेट सक्तीचंच असतं. उमरेड रोडवर अशा फेरीत रात्री कुणाच्या मागे असले की मला जॅकेटच्याही आधी वर-खाली होणारे घोटे दिसतात. असं हलणारं दुसरं काहीच रस्त्यावर नसतं, त्यामुळे समोर माणूस सायकल चालवतोय हे डोळ्याला विचार न करता कळतं.

आईचं वय ७४. तिला रोज रात्री पोथी वाचायची असते. मी खोलीत वीस वॉटची पांढरी ट्यूब लावून दिली, तरी अक्षर दिसत नाही म्हणते, आणि वर डोळ्यांवर येते अशीही तक्रार. काय करू?
– एक वाचक, महाल

आईची दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. वयाबरोबर डोळ्यातली बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं. विशीतल्या डोळ्याच्या मानाने साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. शिवाय धूसर झालेल्या भिंगात उजेड विखुरतो, म्हणून उघडी ट्यूब त्यांना जास्त टोचते. तेव्हा पोथीवर उजेड वाढवायचा आणि डोळ्यांवरचा कमी करायचा.

ट्यूब राहू द्या. चौरंगाशेजारी वाकवता येणारा टेबल लॅम्प ठेवा, सात वॉट पुरे. त्याची छत्री आईच्या बसलेल्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली आणा, आतला बल्ब तिला दिसताच कामा नये. दिव्याचं पोथीपासूनचं अंतर निम्मं केलं की उजेड जवळपास चौपट होतो, वॉट वाढवावे लागत नाहीत. रंग ३००० ते ४००० केल्विनमधला, म्हणजे किंचित पिवळसर पांढरा, घ्या. मोतीबिंदूची तपासणी झाली नसेल तर ती आधी.

डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसनने १९२० च्या दशकापासून आयुष्यभर याच एका गोष्टीचा पाठपुरावा केला: कुठूनही बल्ब थेट दिसू नये आणि तरी उजेड वाया जाऊ नये. त्याच्या दिव्यांच्या एकाखाली एक छत्र्या शोभेसाठी नव्हत्या, प्रत्येक वळण त्याने हिशेबाने काढलं होतं. दिव्यांच्या जगात मी सर्वांत जास्त मानते ते त्याला.

वडिलांची २८ इंची सायकल अजून धडधाकट आहे. तिचा डायनॅमोही फिरतो, पण बल्ब मिळत नाहीत. त्यावर एलईडी चालेल का?
– एक निवृत्त शिक्षक, इतवारी

चालेल, आणि बल्बापेक्षा छान चालेल. सर, तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला.

तुमचा डायनॅमो सहा व्होल्ट, तीन वॉटचा असणार. पुढच्या बल्बला २.४ वॉट, मागच्याला ०.६. सायकल वेगात आली की तो साधारण अर्धा अँपिअर देतो, आणि वेग आणखी वाढवला तरी प्रवाह फारसा वाढत नाही. त्याच्या गुंडाळीची रचनाच प्रवाहाला आवर घालते. एलईडीला हवा असतो तो नेमका स्थिर प्रवाह. दोघांची जोडी जणू ठरवून जमवली आहे.

तो देतो ती वीज मात्र उलटसुलट, एसी असते. म्हणून वीज एकाच दिशेने सोडणाऱ्या चार शॉट्की डायोडांचा ब्रिज लावायचा आणि पुढे दोन पांढऱ्या पॉवर एलईडी एकामागे एक जोडायच्या, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवून. लुकलुक जायला मध्ये एक कॅपॅसिटर. जुन्या सायकलींत डायनॅमोची तार एकच असते, परतीची वाट फ्रेममधून जाते. ब्रिजनंतरची कोणतीही तार फ्रेमला लागू देऊ नका, नाहीतर एक डायोड निकामी होऊन निम्मा उजेड जाईल. आणि एलईडीची तार सुटलेली असताना चाक फिरवू नका. मोकळ्या डायनॅमोचा व्होल्टेज बराच चढतो आणि कॅपॅसिटर फुटतो.

डायनॅमोच्या दांड्याची रेघ मनाने पुढे ओढली तर ती चाकाच्या आसाच्या मध्यातून गेली पाहिजे. तिरका बसला तर तो टायरची बाजू खातो आणि पायालाही जड लागतो. माझ्या सायकलच्या पुढच्या चाकाच्या हबमध्येच डायनॅमो आहे. तो घासत नाही, पावसात घसरत नाही, आणि त्याच्या दिव्यात साठवण-कॅपॅसिटर असल्याने सिग्नलला थांबले तरी उजेड काही मिनिटं राहतो. तरी वडिलांच्या सायकलवर तो बसवू नका म्हणेन. ती आहे तशीच पेटवा.

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सायकलींचं वेड आहे. इंडस्ट्रियल डिझाइनला जावंसं वाटतं, पण तुम्ही दिव्यांत कशा गेलात हे कळत नाही. या दोन गोष्टींचा काय संबंध?
– एक विद्यार्थी, वाडी

संबंध जवळचा आहे. जॉर्ज कारवर्डिन हा इंग्लंडमधला मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणारा अभियंता. स्प्रिंगांच्या अभ्यासातून त्याने १९३२ साली हव्या त्या जागी थांबणारा टेबल लॅम्प काढला. जर्मनीतल्या बाउहाउस या डिझाइन शाळेच्या मार्सेल ब्रॉयरला आपल्या सायकलच्या वाकवलेल्या नळीच्या हँडलवरून १९२५ च्या सुमारास नळीची खुर्ची सुचली. रिचर्ड सॅपरने १९७२ मध्ये टिझिओ हा दिवा केला. त्याच्या दांड्यांतूनच वीज वाहते, वेगळी तार नाही, आणि तोल प्रतिभारांवर. पुढे त्याने घडीची सायकलही रेखली. वजन कमी, कामाशिवाय एकही भाग नाही, आणि सगळं उघड्यावर: सायकल आणि चांगला टेबल लॅम्प यांना एकाच हाताची सवय लागते. मी चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढायला शिकले तेव्हा स्पोकच्या ताणाचा जो अंदाज हाताला आला, तो अजून दिव्यांच्या स्प्रिंगा बसवताना कामी येतो.

पदवीनंतर एम.डेस. या डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठी सीड परीक्षा आहे, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन शाळेसह अनेक ठिकाणी ती चालते. अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, परीक्षा वेगळी. दोन्हींत रेखाटन लागतं, म्हणून आजपासून रोज चित्र काढ, पण सायकलचं सुंदर चित्र नको. मागचा हब उघड, छर्रे वाटीत काढून ठेव, फ्रीव्हील सुटं कर आणि प्रत्येक भाग दुसऱ्यात कसा बसतो ते काढ. तुझ्या गल्लीतल्या सायकलवाल्याकडे सुट्टीत बसायला मिळालं तर तेही कर, तो पाना कोणत्या क्रमाने फिरवतो ते बघ. काढलेली पानं मला मासिकाच्या पत्त्यावर पाठव, मी बघून त्यावर लिहून परत पाठवीन.