नवजात बाळासाठी हलक्या हाताची थेरपी घ्यावी, की मालिशवाली बाई लावावी?

तुमचं बाळ अठरा दिवसांचं, रात्रभर रडतं. कुणीतरी सांगितलंय की जन्मताना डोक्या-मानेवर ताण येतो, तो थेरपिस्ट बोटांच्या स्पर्शानं सोडवतात, आणि एका सेशनचे पंधराशे पडतात. घ्यावी का, असं विचारलंय. खरं तर मी बाळाच्या प्रश्नांना उत्तरं देत नाही, पण पंधराशे वाचून राहवलं नाही.

माझी आई साताऱ्यात बाळ-बाळंतिणीचं तेल-पाणी करायची. सकाळी सहाला निघायची, यादोगोपाळ पेठेतली चार घरं करून बाराला परत. सव्वा महिना भरला की साडी, नारळ आणि ठरलेले पैसे. तेही काही घरांत दोन हप्त्यांत. तिला कुणी थेरपिस्ट म्हटलं नाही. "बाई आली का?" एवढंच.

शाळेला सुट्टी असली की मी तिच्याबरोबर जायचो. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवायचं काम माझं. ती बांगड्या वर सारून पाटावर पाय लांब करून बसायची, बाळाला पायांवर घ्यायची, पण लगेच तेल लावायची नाही. तळहात नुसता पोटावर ठेवायची. ते इवलंसं पोट भराभर वरखाली होत असायचं, ते संथ झालं की मग पायांपासून सुरुवात. मी वाटी पुढं केली की म्हणायची, "थांब, आधी त्याला कळू दे कोण आलंय." बाळानं हात आखडला तर ओढायची नाही, पाठीकडं वळायची आणि मग पुन्हा हाताकडं यायची. उगाच पिसासारखं कुरवाळणंही तिला खपत नसे. "गुदगुल्या करू नका, लेकरू दचकतं." पुढं वाचलं की मायामीच्या संशोधकांनाही तेच आढळलं होतं. बेतानं दाब देऊन चोळलं तर बाळाला मानवतं, नुसतं वरवरचं बोट फिरवलेलं नाही.

हे सगळं परदेशी गेलं तेही असंच. फ्रेडरिक लबॉये या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञानं कलकत्त्यात शांताला नावाच्या बाईला बाळाला तेल लावताना पाहिलं आणि १९७६ मध्ये तिच्यावर पुस्तकच काढलं. आता तेच सर्टिफिकेट लावून आपल्याकडं परत येतंय.

तर २०१९ ची गोष्ट. माझी मुलगी झाली, आम्ही पुण्यात. आई साताऱ्याहून आली ती पाट घेऊनच. पण मेहुणीनं आधीच एक 'ट्रेन्ड' बाई ठरवून ठेवली होती. "काकू, तुमचं आपलं जुन्या पद्धतीचं, हे सायंटिफिक आहे." आई काही बोलली नाही. वर सारलेल्या बांगड्या तेवढ्या खाली घेतल्या. मी तिथंच उभा होतो आणि मीही काही बोललो नाही, हे मला अजून टोचतं.

बाई यायच्या, दिवे मालवायच्या, मुलीच्या डोक्याखाली दोन बोटं धरून बसायच्या. कवटीच्या हाडांत एक लय असते, ती बिघडली की बाळ रडतं म्हणे. या क्रेनिओसॅक्रल प्रकाराला भक्कम पुरावा कधी मिळालेला नाही. मुलगी झोपायची. पोटभर प्यायलेलं बाळ अंधारात झोपणारच की.

तीन सेशन झाली. तेविसाव्या दिवशी आई तिला ढेकर काढायला खांद्यावर घेऊन फिरत होती. म्हणाली, "हिची हनुवटी सारखी डावीकडं कशी?" मानेच्या उजव्या बाजूनं बोट फिरवलं आणि थांबली. माझं बोट धरून तिथं टेकवलं. छोट्या सुपारीएवढी गाठ, टणक. तीच मान त्या बाईंच्या हातात तीनदा होती!

बालरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी करून सांगितलं, मानेच्या स्नायूतली गाठ आहे, जन्मानंतर दोन-चार आठवड्यांत हाताला लागते, घाबरू नका. फिजिओथेरपिस्टनं मान वळवायचे व्यायाम शिकवले, दर लंगोट बदलताना करायचे. खुळखुळा मुद्दाम उजवीकडून वाजवायचा, जागी असताना पालथी घालायची. आईनं एक दिवस चुकवला नाही. सातव्या महिन्यात गाठ गेली, मान सरळ.

तुमच्या प्रश्नाचं बोलायचं तर बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. म्हणजे सेशन घ्या, नका घेऊ, ते कमी होणारच, आणि श्रेय पंधराशेवाल्याला जाणार. बाळ नीट पितंय, वजन वाढतंय, तर पैसे ठेवा. रोज तेच बाळ हाताळणारा हात घरात असू द्या, तुमचा का होईना.

आता आईचंही सांगतो, नाहीतर लबाडी होईल. ती नाकात-कानात तेल सोडायची. तसं करू देऊ नका, नाकातलं तेल फुप्फुसात जातं. ती बाळाची छाती पिळून दूध काढायची. एका घरी त्यावरून बाळाला गळू झालं. आई त्याला दृष्ट म्हणायची. दृष्ट नव्हती. न्हाणं झाल्यावर वावडिंग-ओव्याची धुरी द्यायची, तीही नको. मोहरीचं तेल नाजूक कातडीला सोसत नाही, खोबरेल बरं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणालाच हात लावू देऊ नका. आणि ताप आला, दूध ओढेना, तर मालिश-बिलिश सोडा, थेट दवाखाना.

मेहुणी अजूनही म्हणते की मान सेशनमुळंच सरळ झाली. फिजिओथेरपिस्टचा कागद माझ्या कपाटात आहे, तारखेसकट.