एकच गाडी, मग ट्रेलर ओढण्याचा आकडा देशागणिक वेगळा का?

तुमची फोक्सवॅगन गोल्फ गाडी अमेरिकेत, न्यू जर्सीत आहे. जर्मनीतला तुमचा भाऊ तसल्याच गोल्फमागे १४०० किलोचा कॅरॅव्हॅन (राहायची सोय असलेला ट्रेलर) लावतो, आणि तुमच्या गाडीची पुस्तिका मात्र ट्रेलर लावू नका म्हणते. मग यात खरं कोण, असं तुम्ही विचारलंय. दोघंही खरं बोलतात. मी पिंपरीत निर्यातीच्या गाड्यांच्या चाचण्यांचं काम करायचो, तेव्हा ही दोन्ही गणितं रोज समोर असायची.

सगळी मेख हुकावर, म्हणजे गाडीमागे ट्रेलर जोडतात त्या कडीवर, वरून पडणाऱ्या भारात आहे. अमेरिकेत ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हुकावर हवा, असा दंडक आहे. ट्रेलरची चाकंही त्या बेताने मागे सरकवलेली असतात. युरोपात ४ टक्क्यांच्या आसपासही चालतं. पुढे भार जास्त असला की ट्रेलर वेगातही शेपटी हलवत नाही. भार कमी ठेवायचा तर वेग कमी ठेवावा लागतो, म्हणून जर्मनीत ट्रेलर लावला की मर्यादा ताशी ८० किमी (खास मंजुरी असेल तर १००). अमेरिकेत बऱ्याच राज्यांत लोक ट्रेलरसकट १०५-११० ने जातात.

आता हिशेब करा. १४०० चे ४ टक्के म्हणजे ५६ किलो. गोल्फच्या हुकाची मर्यादा साधारण ८०, म्हणजे भाऊ निर्धास्त. अमेरिकी पद्धतीने तोच भार १४० ते २१० किलो होतो!

चाचण्याही निराळ्या. युरोपात भरलेल्या गाडी-ट्रेलरच्या जोडीने १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा जागेवरून सुटून दाखवायचं. अमेरिकेत एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या मानकाची कसोटी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या घाटावर बेतलेली आहे : सुमारे १८ किमी चढ, ३८ अंशांचं ऊन, एसी पूर्ण चालू, आणि साध्या पिकअपनेही ताशी ६४ किमीच्या खाली यायचं नाही. एक क्लचची परीक्षा, दुसरी रेडिएटरची.

माल वाहण्याच्या आकड्यांतही अशीच गंमत. युरोपात रिकाम्या गाडीच्या वजनातच ७५ किलोचा चालक धरतात; अमेरिकेत दारापाशी चिकटवलेल्या आकड्यात चालकही मोजायचा. शिवाय परवाना आडवा येतो. फियाट डुकाटो ही व्हॅन युरोपात बहुधा मालासकट एकूण ३५०० किलोवर नोंदवतात, कारण साधा कारचा परवाना तिथेच संपतो. तीच व्हॅन अमेरिकेत राम प्रोमास्टर या नावाने ४२०० किलोच्या वर जाते. लोखंड तेच, कागद वेगळा.

तुम्हाला गोल्फला हुक बसवून देणारे बाहेर भेटतील. तो सायकलींच्या रॅकपुरता वापरा, तोही हुकाची मर्यादा बघून. कॅरॅव्हॅन न्यायचाच असेल तर ट्रेलर ओढायला परवानगी असलेली एसयूव्ही भाड्याने घ्या. बऱ्याच कंपन्या करारात ट्रेलरला मनाई करतात, तेवढं कलम सही करण्याआधी वाचा.