जेसीबीच्या पानावर बोट ठेवा

वाचक विचारतात : मुलांची पुस्तकं

प्रश्न : मुलगी सात वर्षांची आहे. रस्त्यात जेसीबी चालू दिसला की तिथून हलत नाही. दुकानात यंत्रांची पुस्तकं ढिगानं आहेत, सगळी रंगीत आणि गुळगुळीत. निवडायचं कशावरून? (एक पालक, सांगली)

उत्तर : दुकानातच पुस्तक उघडा आणि जेसीबीच्या पानावर बोट ठेवा. इंजिनापासून निघालेलं बोट चित्रातल्या चित्रात मागच्या बकेटपर्यंत पोचलं पाहिजे : इंजिन, पंप, तेलाच्या नळ्या, सिलिंडर, हात आणि मग बकेट. मध्येच रस्ता तुटला तर तो फोटोंचा अल्बम समजा. तीन-चार वर्षांच्या मुलाला अल्बम पुरतो, पण सातव्या वर्षी ‘कसं?’ सुरू झालेलं असतं.

आता सिलिंडरचा छेद, म्हणजे मधोमध कापून आतलं दाखवणारं चित्र, पाहा. एका टोकानं तेल आत आलं की दट्ट्या बाहेर येतो, दुसऱ्या टोकानं आलं की परत आत जातो. म्हणजे नळ्या दोन हव्यात, आणि दोन स्थिती दाखवणारी दोन चित्रं असली तर उत्तमच. मागची बकेट खोदत असेल तर यंत्राचे मागचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले हवेत. टायर हवेचे असतात. पाय न टेकता खोदलं तर अख्खं यंत्र झोके घेतं. पाय वर उचललेले आणि बकेट मातीत, असं चित्र दिसलं की पुस्तक खाली ठेवा.

दुसरी परीक्षा दंतचक्रांची. शेजारची दोन चक्रं नेहमी उलट दिशांना फिरतात. त्यामुळे तीन चक्रं एकमेकांत अडकवून त्रिकोणात काढली असतील तर ती फिरणारच नाहीत. मुखपृष्ठावर शोभेला काढलेल्या चक्रांत ही चूक हमखास सापडते. मुखपृष्ठ माफ करता येईल, आतलं पान नाही.

पुस्तक घरी आलं की सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज घ्या, एक २ मि.लि. आणि एक १० मि.लि. सलाईनच्या नळीनं दोन्ही जोडा. छोटी आणि नळी पाण्यानं भरलेली, मोठीचा दट्ट्या पूर्ण आत दाबलेला, अशी सुरुवात करा. छोटी पूर्ण दाबली तरी मोठीचा दट्ट्या २ च्या खुणेपर्यंतच सरकतो, पण जोर मात्र जास्त लावतो. दट्ट्या स्पंजासारखा दबत असेल तर आत हवा राहिली आहे. पाणी दबत नाही, हवा दबते. सगळी जोडणी बादलीत पाण्याखाली केली की हवा राहत नाही. त्यानंतर तेच पान मुलगी तुम्हाला समजावून सांगेल.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा. देवळं, किल्ले कसे बांधले याचं वेड आहे. डेव्हिड मॅकॉले यांची इंग्रजी पुस्तकं सुचवली गेली, पण ती काळी-पांढरी आहेत. आवडतील का? (एक पालक, पुणे)

उत्तर : आवडतील, आणि रंग नसणं इथे पथ्यावरच पडतं. १९७३ च्या ‘कॅथेड्रल’मध्ये फ्रान्समधल्या एका काल्पनिक गावातलं चर्च पायापासून शिखरापर्यंत चढताना दिसतं, सगळं रेघांत. रेघेमुळे दगडाचा सांधा अन् सांधा मोजता येतो. रंगच हवा असेल तर ‘कॅथेड्रल’ आणि ‘कासल’ सुधारून, रंगीत करून ‘बिल्ट टू लास्ट’ या २०१० च्या जाडजूड पुस्तकात एकत्र आली आहेत. इंग्रजी जड वाटलं तर पहिल्या वाचनात चित्रंच वाचू द्या.

बांधकामाच्या कोणत्याही पुस्तकात कमानीचं पान आधी काढा. खाली लाकडी सेंटरिंग, म्हणजे दगड पेलणारा तात्पुरता सांगाडा, दिसलं पाहिजे. दोन्ही बाजूंनी दगड चढत येतात आणि माथ्यावरचा मधला दगड बसेपर्यंत कमान स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. सेंटरिंगशिवाय अर्धवट कमान हवेत तरंगत असेल तर चित्रकारानं अंदाजपंचे काम केलं आहे. माणसाची आकृतीही शोधा. ती नसेल तर भिंत दहा फुटांची की शंभर, मुलाला कळणार कसं?

एक सावधगिरी. ‘पाया, भिंत, छप्पर’ हा क्रम डोक्यात बसला की वेरूळचं कैलास लेणं उलटं समजतं. ते आठव्या शतकात डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलं. तिथे शिखर आधी, जोतं शेवटी. रचलेल्या भिंतीतला दगड काढून बदलता येतो, इथे तुटलेला तुकडा परत जोडायची सोय नव्हती. वेरूळला नेणार असाल तर हे आधी सांगा, म्हणजे मुलगा वरून खाली बघत येईल.

प्रश्न : शाळेच्या वाचनालयासाठी अशी पुस्तकं घ्यायची आहेत. झडपांची, म्हणजे चित्रावरची घडी उघडून आत बघायची, पुस्तकं महिनाभरात फाटतात. काय करावं? (एक शिक्षिका, बीड)

उत्तर : झडपांची पुस्तकं घरी द्यायला ठेवूच नका, वर्गात तुमच्यासमोर बघायला ठेवा. झडपेच्या घडीला मागून कापडी पट्टी लावा. सेलोटेप पिवळी पडते आणि तिचा डिंक पानांना चिकटतो.

घेताना पुस्तकाची पाठ वरून पाहा. पानांचे दुमडलेले जुज दिसले आणि जुजाच्या मधोमध दोरा असेल तर ती जुजबंदी, ती टिकते. नुसत्या डिंकानं चिकटवलेलं पुस्तक सपाट उघडत नाही, मुलं दाबून उघडतात आणि पानं सुटतात. शिवाय दोन पानांवर पसरलेल्या क्रेनचं नेमकं चाक शिवणीच्या खाचेत गडप झालेलं नाही ना, तेही बघून घ्या. भाषांतरित पुस्तकात मजकूर मराठी आणि चित्रातली नावं इंग्रजी, असं बऱ्याचदा होतं. अशी प्रत टाळा, नाहीतर नावांच्या मराठी चिठ्ठ्या चिकटवायला सातवीच्या मुलांना बसवा : कप्पी, तरफ, आस, दट्ट्या.

पैसे कमी असतील तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी पुस्तकं फुकट मिळतात. छापताना दोन पानांचं चित्र ए-४ वर आवळू नका, नावं वाचता येत नाहीत. तेवढी पानं ए-३ वर काढा.